स्वयंसेवक पाहिजेत (फोटोसह)

ऑगस्ट लागला की पुण्याच्या पेठांत कोपऱ्याकोपऱ्यावर फ्लेक्स उगवतात. 15 ऑगस्टला वृक्षारोपण, गणपतीत रक्तदान, 2 ऑक्टोबरला स्वच्छता. खाली बारीक अक्षरांत ‘इच्छुक स्वयंसेवकांनी नावे द्यावीत’ आणि वर, निम्म्या फ्लेक्सवर, इच्छुकांची तोंडं. इच्छुक कशाचे, ते निवडणुकीच्या वेळी कळतं.

रोप एक, त्याला लागलेले हात अकरा. पाणी घालणाऱ्याची जागा मात्र रिकामी, कारण त्या कामाला फोटो नाही.

खरी गंमत रक्तदानाची. तांबड्या पेशींची पिशवी फार तर 42 दिवस टिकते, प्लेटलेट्स जेमतेम 5. आपला उत्साह मात्र साहेबांचा वाढदिवस पाहूनच उसळतो. त्या दिवशी रांग, प्रमाणपत्र, सेल्फी, वर एखादं हेल्मेट भेट. (हेल्मेट घेऊन मंडळी उघड्या डोक्यानं गाडीवरून घरी जातात.) मे महिन्यात कॉलेजं बंद, कार्यकर्ते कोकणात आंबे खायला आणि रक्तपेढ्या कोरड्या. थॅलेसेमियाच्या मुलांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं. साहेबांची जन्मतारीख त्यांच्या शरीराला ठाऊक नसते.

वय 18 ते 65, वजन किमान 45 किलो, तब्येत ठीक. पुरुषांना तीन महिन्यांनी, बायकांना चार महिन्यांनी पुन्हा देता येतं. कुणाचा कार्यकर्ता असण्याची अट नाही. तेव्हा येत्या मे महिन्यात जवळच्या रक्तपेढीत एक चक्कर मारा. फोटोग्राफर नसेल, कॉफी-बिस्किटं मिळतील.