बुधवार तेवढा मोकळा

बोईसरला एमआयडीसीत नोकरी लागली, की माणसाने आधी आपली शिफ्ट पाठ करावी आणि मग शेजाऱ्यांचे वार. आमच्या बिल्डिंगमध्ये सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार स्वामींचा, शनिवार मारुतीचा. त्यात मी वसईचा कॅथलिक. उपवासकाळात शुक्रवार मी अडवतो. म्हणजे मित्रांनी एकत्र मटण खायचं, तर उरले बुधवार आणि रविवार. रविवारी सकाळी चर्चमध्ये मिस्सा. ती बुडवून मटणाच्या रांगेत उभा राहिलो, तर मटण शिजायच्या आत वसईला आत्याकडे बातमी पोचते.

राहता राहिला बुधवार. पण आमचा उपवासकाळ सुरू होतो तोच मुळी राखेच्या बुधवारी! 2024 साली तो नेमका 14 फेब्रुवारीला आला. ऑफिसातली पोरं हातात गुलाब घेऊन, मी कपाळावर राख घेऊन. एकाने हळूच बाजूला घेऊन विचारलं, "नाही म्हणाली का रे?"

शेजारच्या काकूंचा आक्षेप वेगळा. उपवासकाळातल्या शुक्रवारी आम्हाला मांस वर्ज्य, मासे चालतात. तव्यावर सातपाटीचं पापलेट चुरचुरत होतं आणि मी काकूंना सांगत होतो, "आज उपास आहे."

"हा कसला मेला उपास?"

मी त्यांच्या हातातल्या ताटाकडे पाहिलं. साबुदाणावडे, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस, दाण्याची आमटी. म्हटलं, "तुमच्यासारखाच, काकू."

गणपतीत आरतीला झांज माझ्याच हातात देतात, कारण चर्चच्या गायनमंडळात राहून माझा ताल पक्का झालाय. हे आत्याच्या कानावर गेलं. ती बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "वाजव बाबा. पण मनात येशूचं नाव घे." ईस्टरही पौर्णिमा बघूनच ठरतो, असं मी तिला सांगून पाहिलं. "चंद्र काय त्यांचा एकट्यांचा आहे?" म्हणाली.

आमचं हे काहीच नाही. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा संसाराची ताटातूट झाली. लक्ष्मीबाई काही वर्षांनी नवऱ्याकडे आल्या, त्या सोवळं घेऊनच. ते कसं सुटलं, हे त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात वाचताना आजही हसू येतं. आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाला काही सोडायचं नाही, नुसते वार सांभाळायचेत. मन वळवायला गेलं की मित्र तुटतो. वार विचारला की जेवायला थांबतो.

आमच्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तरी लोक अजून मला म्हणतात, "ख्रिश्चन असून मराठी किती छान बोलता!" तेव्हा वाचकहो, ख्रिस्ती मित्र भेटला तर त्याच्या मराठीचं कौतुक राहू द्या. त्याचे वार विचारा आणि बुधवारी जेवायला बोलवा. राखेचा तेवढा वगळून.