कवितेत चालतं

मी मूळचा साताऱ्याकडचा. शिक्षक म्हणून नेमणूक मिळाली ती जळगाव जिल्ह्यात. पहिल्याच दिवशी ध्यानात आलं, की चौथीच्या वर्गात पोरं २१ आहेत, पण ‘ळ’ एकही नाही. डोळ्याचा ‘डोया’, काळ्याचा ‘काया’, आभाळाचं ‘आभाय’. मग रोज परिपाठ झाला की ‘बाळ, टाळ, माळ’ असा ‘ळ’चा व्यायाम सुरू केला. पोरं माझ्यासमोर जीभ वळवून दाखवत आणि मधली सुट्टी झाली की सरळ करून पळत.

कविता कशी शिकवायची, हे मी डी.एड.ला शिकलो होतो. आधी कविपरिचय, मग तालासुरात वाचन, मग ‘कवीला काय म्हणायचे आहे?’ (कवीला जे म्हणायचं होतं ते त्यानं म्हटलेलं असतं, ही शंका डी.एड.ला काढायची नसते.) बालकवींपासून सुरुवात केली, म्हटलं इथलेच आहेत. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्यांना ‘बालकवी’ ही पदवी मिळाली, तेव्हा ते १६-१७ वर्षांचे होते. “सतराचा बाल कसा? माझा दादा सतराचा हाये, ट्रॅक्टर चालवतो.” पुढे सांगितलं, की १९१८ साली भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली सापडून ते गेले. वर्ग एकदम गंभीर झाला. मला वाटलं, पोचली कविता! तेवढ्यात मागून हात वर आला. “सर, गाडी अप होती का डाऊन?”

मग मी ‘बहिणाबाईंची गाणी’ घेऊन गेलो आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. म्हटलं, या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या गाणी म्हणायच्या, मुलगा सोपानदेव लिहून घ्यायचा.

“म्हंजे घरचा अभ्यास पोरानं केला?”

विषय बदलावा म्हणून पुस्तक पुढच्या मुलीच्या हातात दिलं, वाच म्हटलं. ती वाचता वाचता थबकली. बोट एका शब्दावर ठेवून तिनं माझ्याकडे बघितलं. चोर सापडल्यावर पोलीसपाटील बघतो तसं. “सर, इथं ‘डोया’ छापलंय.”

वर्षभराचा ‘ळ’ त्या एका बोटाखाली चिरडला. मी घसा खाकरून म्हणालो, “कवितेत चालतं.”

त्या दिवशी पोरं पुस्तकावर तुटून पडली. माझं वाचन चुकलं की २१ जण मला सुधारत होते, आणि तेही तालासुरात. ‘कवीला काय म्हणायचे आहे’ हे विचारायचं मी विसरलो. कोणाला आठवणही झाली नाही.

घरी कविता लिहून आणा म्हटलं. पावसावर सतरा आल्या, पैकी सोळांत ‘पाऊस आला’च्या पुढे ‘आनंद झाला’. शेवटची वही गोठ्याच्या वासाची होती:

म्हशीच्या डोयात आभाय दिसे,
डोया मिटला, मंग आभाय कुठे?

लाल पेनचं टोपण काढलं. बराच वेळ ते तसंच उघडं राहिलं, मग टोपण लावून टाकलं.

दुसऱ्या दिवशी गणिताच्या वह्या तपासत होतो. उत्तर हवं होतं एकोणचाळीस. या कवीनं अक्षरी लिहिलं होतं, ‘चायीस’.

“हे काय रे?”

“सर, कवितेत चालतं ना?”