मिठाला जागणारी माणसं

भोरात कुणाचं बीपी वाढलं की गोळीच्या आधी आळीचा सल्ला सुरू होतो. एसटी स्टँडपासून राजवाड्यापर्यंत चालत जा; लसूण, शेवग्याचा पाला, मेथीचं पाणी, अर्जुनाची साल, सगळं फुकटात पदरात पडतं. या उपायांत पोटात काहीतरी घालायचंच असतं. काढायला कुणी सांगत नाही.

काढायचं असतं मीठ. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाला माणशी ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम चहाचा एक चमचा. वेल्ह्याच्या आत्याला हे सांगितलं तर म्हणाली, "आरं, कालवणात मी चिमूटभरच टाकते!" खरं आहे. पण ताटात लोणचं, पापड आणि सुकटीची चटणी. ते मिठात धरायचं नसतं, ते 'तोंडी लावायला'. मशेरीचंही तसंच. ती तंबाखू नव्हे, ते दात घासणं! दिवसातून चारदा इतके स्वच्छ दात कुणी घासत असेल असं वाटत नाही.

हा कारीच्या जेध्यांचा, भुतोंड्याच्या कंकांचा मुलूख. खाल्ल्या मिठाला जागणं इथल्या रक्तातच आहे. आता ते रक्तदाबातही दिसतं.

"झाडपाल्याचं आहे, अपाय नाही," हे आळीचं ब्रह्मवाक्य. सर्पगंधासुद्धा झाडपाल्याचीच. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली तिचा रक्तदाबावरचा गुण 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडला आणि जगाचे कान टवकारले. पुढे तिच्या मुळीतल्या रेसरपिनने काही रोग्यांचा दाब उतरला, पण त्याबरोबर मनही उतरलं. ते उदास झाले. हे ऐकून शेजारचे काका खुशीत म्हणाले, "म्हणजे गुण येतो तर!"

चालण्याने दाब उतरतो, यावर मात्र दुमत नाही. म्हणून पुणेकर रविवारी राजगड चढतात, आणि वर पोचल्यावर मीठ घातलेलं ताक नि ठेचा-भाकरी हाणतात. आत्या रोज रानात जाते, तिला कुणी ट्रेकर म्हणत नाही.

घरी यंत्र आणलं. पाच मिनिटं गप्प, पाठ टेकून बसायचं, मोजताना बोलायचं नाही. आमच्याकडे पट्टा बांधला की सुनेचा विषय निघतो. शेवटी आत्याला दटावून गप्प बसवलं, तर आकडा चक्क खाली. तिने श्रेय सकाळच्या लसणीला दिलं. गोळी ती घेतेच, पण लसणीला सोबत म्हणून. आणि त्या आनंदात पापड भाजायला उठली.