रंग दिल्यावर या

गिरगावातल्या एखाद्या जुन्या चाळीसमोर कॅमेरा घेऊन उभं राहिलं की वरून पहिला आवाज येतो, "म्हाडाकडून आलात का?" नाही म्हटलं की दुसरा प्रश्न, "मग बिल्डरकडून?" तेही नाही म्हटलं की विचारणारा गप्प होतो आणि त्याचा संशय वाढतो. टेकू लावलेल्या जिन्याचे फोटो काढणारा माणूस एक तर सरकारी असणार, नाही तर बिल्डरचा. या दोघांखेरीज त्या जिन्यात कुणाला रस असेल, हे तिथे राहणाऱ्याला पटत नाही. त्याचा स्वतःचाही रस कधीच संपलेला असतो. नव्या इमारतीत किती स्क्वेअर फूट मिळणार, एवढ्यावर तो तग धरून असतो.

पण असा तिसरा माणूस असतो. त्याला हल्ली स्ट्रीट फोटोग्राफर म्हणतात. गळ्यात लहानसा कॅमेरा (मोठा दिसला की लोक सावध होतात, असं त्याचं शास्त्र), पाठीवर सॅक, पायांत बूट. पोपडे आलेली भिंत दिसली की तो थांबतो. एका बिजागरीवर लोंबणारी पत्रपेटी दिसली की गुडघ्यावर बसतो. आणि गॅलरीत बनियनवर पेपर वाचत बसलेले काका दिसले की त्याचा दिवस सार्थकी लागतो. तो खालून हळूच कॅमेरा वर करतो. काकांना ते दिसतं. काका पेपरची घडी घालतात, आत जातात, शर्ट घालून, केसांवरून पाण्याचा हात फिरवून, नातवाला कडेवर घेऊन बाहेर येतात आणि थेट कॅमेऱ्यात बघत उभे राहतात. "हं, काढा."

"काका, मघाशी बसला होतात तसेच बसा ना. माझ्याकडे बघू नका."

"बघू नको? मग फोटो कसला?"

तो बिचारा नाइलाजानं एक काढतो. काका वरून शेवटची सूचना देतात, "आणि ती भिंत नका घेऊ हो. दिवाळीला रंग काढायचाय. रंग दिल्यावर या."

या वादात मी काकांच्या बाजूचा आहे. आमच्या घरांत फोटो ही कारणानं काढायची गोष्ट होती. मुलगी दाखवायची असली की स्टुडिओत जायचं, मागे काश्मीरच्या तळ्याचा रंगवलेला पडदा, हात फुलदाणीच्या उंच स्टुलावर. मुंज झाली, लग्न झालं, साहेब रिटायर झाले, की ऑफिसातल्या लोकांचा तीन रांगांत ग्रुप फोटो. त्यातलाच एखादा पुढे मोठा करून, हार घालून भिंतीवर जायचा. म्हणून फोटोत माणूस बरा दिसलाच पाहिजे, हा काकांचा आग्रह चुकीचा नाही. बनियनवरचा फोटो भिंतीवर लागला तर पुढच्या पिढ्या काय म्हणतील?

बरं, या शहरातल्या फोटोंची सुरुवातच मुळी अशी ठाकठीक झालेली आहे. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालची. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या सोसायटीतले एक हौशी आणि जाणते छायाचित्रकार. त्याच काळात विल्यम जॉन्सन नावाच्या साहेबानं मुंबईच्या नाना जातिजमातींची छायाचित्रं जमवून 'द ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्स, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बॉम्बे' हे दोन खंडांचं पुस्तक काढलं, १८६३ आणि १८६६ साली. चित्रांतली माणसं पागोटी, अंगरखे घालून एखाद्या देवळासमोर नाही तर झाडाखाली उभी दिसतात. गंमत अशी, की ती तिथे उभी नव्हतीच. माणसांचे फोटो वेगळे काढलेले, मागचा देखावा वेगळा. मग कापून, चिकटवून दोघांची गाठ घातलेली. हल्लीच्या बॅनरवर नगरसेवकाच्या मागे आणतात तो किल्ला तेव्हाच आला होता म्हणायचा. साहेबाचा तरी काय दोष? ओल्या काचेवर फोटो घ्यायचा, माणसाला श्वास रोखून उभं करायचं, आणि ती काच वाळायच्या आत अंधारात नेऊन धुवायची. एवढं लटांबर घेऊन भुलेश्वरच्या गर्दीत कोण घुसणार? आणि घुसलाच तर भुलेश्वर त्याच्यासाठी क्षणभर तरी थांबणार का?

रस्त्यावर खऱ्या अर्थानं उतरला तो आपला सावेदादा. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर. धंद्यानं फोटोग्राफर. ७ जुलै १८९६ ला वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली, त्यानं सावेदादांना झपाटलं आणि त्यांनी विलायतेहून २१ गिनींना चित्रीकरणाचा कॅमेरा मागवला. मग १८९९ साली हँगिंग गार्डनवर पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या दोन पैलवानांची कुस्ती टिपली. दुसरी फिल्म माकडवाल्याची. दोन्ही फिल्मा धुवायला लंडनला पाठवल्या. फोटो लगेच फोनवर आला नाही म्हणून कासावीस होणाऱ्या पोरांना मी हे मुद्दाम सांगतो, की अरे, ती माकडं आधी बोटीनं विलायतेला जाऊन आली, मग सावेदादांना दिसली.

आता यातली कुस्ती खास कॅमेऱ्यासाठीच ठरवलेली होती. म्हणजे तीही पोझच. पण १९०१ च्या डिसेंबरात रँग्लर र. पु. परांजपे केंब्रिजचं शिक्षण संपवून परतले तेव्हा चौपाटीवर त्यांचं स्वागत झालं, तिथे सावेदादा कॅमेरा घेऊन हजर होते. तिथल्या गर्दीला कुणी 'इकडे बघा' म्हटलं नसणार, आणि तरी गर्दीतल्या निम्म्या लोकांनी रँग्लर सोडून त्या हँडल फिरवणाऱ्या माणसाकडे पाहिलं असणार, अशी माझी खात्री आहे. मी काही ती फिल्म पाहिलेली नाही. गिरगावकर मात्र पाहिलेले आहेत.

स्ट्रीट फोटोग्राफरची सगळी मदार यावर असते, की आपण बघतोय ते कुणाला कळू नये. या कलेसाठी जगात शेकडो गावं चांगली असतील, पण गिरगाव, परळ, लालबाग ही जागा त्यासाठी नाही. इथे घरांना गॅलऱ्या आहेत. कठड्यावर कोपरं टेकून रस्ता बघत बसणं हे इथलं जुनं, पूर्णवेळ काम आहे. फ्रान्सचा फोटोग्राफर आंरी कार्तिए-ब्रेसाँ १९४७ साली भारतात आला. पुढे १९५२ च्या त्याच्या पुस्तकामुळे 'निर्णायक क्षण' ही कल्पना जगभर गाजली. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या आक्कांना तो क्षण पुस्तकाशिवाय कळत होता. कुणाचा जावई टॅक्सीतून उतरताना रिकाम्या हातानं उतरला आणि नाक्यावरून पेढ्यांचा पुडा घेऊन मग जिना चढला, हे त्यांनी एका नजरेत टिपलेलं असायचं, आणि ते चित्र वीस वर्षांनंतरही तारीख-वारासकट स्वच्छ निघायचं. कॅमेरेवाल्याला वाटतं आपण गुपचूप आलो. तो नाक्यावर कटिंग प्यायला थांबतो तेव्हाच वर त्याची नोंद होते. त्याचे बूट चिखलानं भरलेत, तो लग्नाचा दिसत नाही आणि सकाळपासून काही खाल्लेलं नाही, इथपर्यंत.

होमाई व्यारावाला या आपल्या देशातल्या पहिली महिला वृत्तछायाचित्रकार. त्यांचं शिक्षण जे. जे. मधलं, सुरुवातीचे फोटो याच मुंबईच्या रोजच्या जगण्याचे, आणि ते छापून यायचे नवऱ्याच्या नावावर. साडी नेसून, कॅमेरा घेऊन हिंडणारी ही बाई नुसता शौक करते आहे असं लोकांना वाटायचं. कुणी आपल्याला गंभीरपणे घेतलं नाही आणि त्यामुळेच आपल्याला कुठेही जाता आलं, असं त्या पुढे स्वतः सांगत. न दिसण्याची ही एक रीत झाली. सुधारक ओलवे यांची रीत निराळी. मुंबईचा कचरा आणि मैला उपसणाऱ्या सफाई कामगारांचे फोटो त्यांनी वर्षानुवर्षं काढले. आपण ज्या गाडीजवळून नाकाला रुमाल लावून पुढे सटकतो, त्या गाडीपाशी ते थांबले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ते फोटो पाहताना मात्र 'रंग दिल्यावर या' म्हणायची माझी तयारी नसते. तिथे मी काकांची बाजू सोडतो.

बाकी रविवारच्या मंडळींबद्दल मला थोडी काळजीच वाटते. पहाटे दादरच्या फूलबाजारात ती घोळक्यानं येतात. झेंडूच्या ढिगाऱ्यापाशी तिघं, शेवंतीपाशी चौघं, आणि डोक्यावर पाटी घेऊन येणाऱ्या हमालाच्या बरोबर वाटेत एक जण. "ए, बाजूला! पाटी हाय, पाटी!" हे वाक्य हमाल आता गिऱ्हाइकापेक्षा लेन्सला जास्त वेळा म्हणतो. आणि या मंडळींचं भांडवल दिवसेंदिवस आटत चाललं आहे. २०२३ च्या सप्टेंबरात जुनी डिझेलवरची डबलडेकर गेली. ऑक्टोबरात काळीपिवळी प्रीमियर पद्मिनी गेली. २०२५ मध्ये महापालिकेनं दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री टाकली. कबुतरांनी, त्यांना दाणे घालणाऱ्यांनी आणि खोकणाऱ्यांनी आपापली बाजू मांडली. पण कबुतरांचा थवा एकदम उडतो आणि मधून एक मूल धावत येतं, हा फोटो ज्यांनी अजून काढायचा ठेवला होता त्यांचं काय झालं, हे कुणी विचारलं नाही.

पाडव्याच्या शोभायात्रेला तर गिरगावात वेगळीच आफत असते. नऊवारी, नथ, फेटा घालून बुलेटवर निघालेल्या बायकांच्या पुढे इतके कॅमेरे उलटे चालत असतात, की रस्त्यावरच्या माणसाला बायका दिसत नाहीत, कॅमेरेवाल्यांच्या पाठी दिसतात. कुणी शिडी आणतो. कुणी दुकानाच्या बोर्डाला लटकतो. एकाच्या फोटोत दुसऱ्याचं कोपर येतं. चिंचपोकळीच्या चिंतामणीचा आगमन सोहळा असला की तिथे कोपरालाही जागा नसते; बाप्पाच्या पायाशी हजारो उजळलेले मोबाइल, आणि प्रत्येकात एक-एक बाप्पा. माझ्या ओळखीचा एक पोरगा सांगतो, की आता तो गणपतीकडे पाठ करून बघणाऱ्यांचे फोटो काढतो. मी त्याला म्हटलं, हे आमच्या आक्का केव्हापासून करतात.

या सगळ्यांत मला सर्वांत सरळ माणूस वाटतो तो गेटवेवरचा फोटोग्राफर. त्याचा काहीही गुप्त कारभार नाही. हातात नमुन्याचा अल्बम, तोंडात दर. 'साहेब, इकडे, मॅडम, जरा हसा, हात असा धरा', की ताजचा घुमट चिमटीत येतो. खांद्याच्या पिशवीतल्या छोट्या प्रिंटरमधून फोटो तिथल्या तिथे हातात. मोबाइलनं त्याचं गिऱ्हाईक नेलं, तरी तो उभा आहे. त्याच्या फोटोला कुणी कला म्हणणार नाही, प्रदर्शनही भरवणार नाही. पण ज्याचा फोटो काढला त्याला तो देऊन टाकणारा, या शहरात तो एकटाच उरला. बाकीचे काढतात आणि घेऊन जातात. आमच्या वाडीत अजून लोक विचारतात, "फोटो कधी देणार?" तेव्हा समोरचा म्हणतो, "इन्स्टाग्रामवर टॅग करतो." काकांना टॅग कुठून करणार?

कधीमधी एखादा देतोही. लालबागच्या मिरची गल्लीत एप्रिल-मे महिन्यात वर्षाचा मसाला करायला बायकांची झुंबड असते. दुकानांपुढे बेडगी, शंकेश्वरी, काश्मिरी अशी पोती उघडी, आतून कांडपाचा धडधडाट, हवेत खाट. अशा गल्लीत परवाच्या उन्हाळ्यात एक तरुण पुन्हा आला होता. पुन्हा अशासाठी, की आदल्या वर्षी तो आला तेव्हा शिंकून शिंकून त्याचा कॅमेरा स्थिर राहीना, आणि मिरच्यांची देठं खुडत बसलेल्या मावशींनी "रुमाल बांध आधी नाकाला, मग काय काढायचं ते काढ" असा त्याला दम दिला होता. ते मला दुकानदारानं सांगितलं. या खेपेला रुमाल त्यानं घरूनच बांधून आणला होता. सॅकमधून मोठा कागदी लिफाफा काढला आणि मावशींपुढे धरला.

फोटो सुरेख होता. खाली मान, खुडणारी बोटं, पदराचं टोक दातांत, बाजूला मिरच्यांचा ढीग, वरच्या पत्र्यातून आलेली उन्हाची तिरीप. काळापांढरा. मावशींनी हात पदराला पुसले, फोटो लांब धरला, मग जवळ आणला.

"ही मी व्हय?"

"हो मावशी."

"आन ही मिरची काळी कशी?"

तो समजावू लागला, की काळ्यापांढऱ्यात भाव जास्त उतरतो, प्रकाश कळतो. मावशींनी ऐकून घेतलं आणि फोटो गल्ल्यावर दिला. दुकानदारानं चष्मा लावून तो बारकाईनं पाहिला.

"फोटो एक नंबर आहे," तो म्हणाला. "पण इथे नाही लावता येणार. गिऱ्हाईक म्हणेल, बेडगी काळी पडलीय, गेल्या वर्षीचा माल आहे. रंगीत काढून आण, फ्रेम मी करतो."

"आन मला सांगून ये," मावशी म्हणाल्या, "चांगलं लुगडं नेसून येते."