व्यूहरचनेचे पंडित व्हा, सोलापुरात बसून

उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीसला भिडतो, नळाला पाणी काही दिवसांआड येतं, आणि दुपारी पंख्याखाली पडल्या पडल्या तुम्हाला वाटतं, आपण जागतिक पातळीवर काहीतरी करायला हवं. घाबरू नका. असं बऱ्याच जणांना होतं. पुढच्या पायऱ्या तंतोतंत पाळा.

१. आधी संस्था गाठा. तिचं नाव स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट सोसायटी. १९८१ साली लंडनच्या परिषदेतून ती उभी राहिली. तिचं जर्नल मात्र १९८० पासूनच निघत होतं. म्हणजे आपल्याकडच्यासारखंच, आधी अंक आणि मग मंडळ. सभासद झाल्याचं घरी सांगताना पूर्ण नाव घ्या. नुसतं ‘सोसायटी’ म्हणालात तर काका विचारतील, कर्ज किती टक्क्यानं देते? आणि आद्याक्षरं सांगितलीत तर समोरचा खिशातून मोबाईल काढून म्हणेल, ‘नाही आला बघा अजून.’

२. आपली जात निवडा. इथे जाती तीनच: ए, बी, सी. ए म्हणजे अकॅडमिक, बी म्हणजे बिझनेसवाले, सी म्हणजे कन्सल्टंट. तिघांना एका सतरंजीवर बसवायचं, हा संस्थेचा मूळ बेत. तुम्ही डोळे झाकून ए व्हा. बी व्हायचं तर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माग घालावे लागतात, सुताचा भाव रोज बघावा लागतो, विजेचं बिल भरावं लागतं. सी ला सोलापूरच्या मे महिन्यात कोट घालावा लागतो. त्याच्याबद्दल आम्हाला मनापासून वाईट वाटतं. ए ला फक्त खुर्ची लागते.

३. शब्द जपून वापरा. विद्यापीठाच्या चर्चासत्रात ‘व्यूहरचना’ म्हणा. मंत्री येणार असतील तर ‘धोरण’ म्हणा. शोधनिबंधात ‘स्ट्रॅटेजी’ ठेवा. ‘डावपेच’ हा शब्द मात्र चुकूनही तोंडातून जाऊ देऊ नका. तो सगळ्यांना कळतो.

४. आता सिद्धांत घ्या आणि त्यावर चादर पांघरा. नवशिक्यांसाठी जे बार्नी यांचा १९९१ चा निबंध उत्तम. कंपनीजवळची एखादी गोष्ट मोलाची, दुर्मिळ, नक्कल न होणारी आणि पर्याय नसलेली असेल तर तिची आघाडी टिकते, असं ते सांगतात. सोलापुरी चादर समोर ठेवा आणि खुणा करत चला. मोलाची? हो, तीन पिढ्या एकाच चादरीखाली झोपल्यात. दुर्मिळ? जकार्डवर विणलेला मयूरपंख दुसरीकडे कुठे दिसतो? तर दिसतो. पानिपतला. तिथून स्वस्त चादरी ‘सोलापुरी’ नावानं गावोगाव विकल्या जातात. आपल्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, पण ते रस्त्याकडेच्या ढिगाला कोणी वाचून दाखवलेलं नाही. मराठी माणसाचं पानिपत एकदाच झालं, असं इतिहासाच्या पुस्तकात असतं. ते पुस्तक सोलापूरच्या पूर्व भागातल्या एखाद्या मागवाल्याला दाखवू नका.

इथे तुमचा सिद्धांत चौथ्या मिनिटाला फाटतो. खचू नका. फाटलेल्या भागाला ‘अभ्यासाच्या मर्यादा’ असं शीर्षक द्या आणि तो निबंधाच्या शेवटाला शिवून टाका. पुढचा निबंध त्याच मर्यादांवर लिहिता येतो.

५. चालू मागावर कधीही लिहू नका, बंद गिरणीवर लिहा. चालू मागाचा मालक उलटून बोलतो. ‘ओ मालक, हे तुमचं बाण काढलेलं चित्र चांगलंय, पण सूत उधार मिळंल का?’ असलं काहीतरी विचारतो. गिरणीचं तसं नाही. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, नावं तयार आहेत. ती का बंद पडली हे आता ठामपणे सांगता येतं, कारण ती बंद पडलेली आहे. व्यवसायात याला उशीर म्हणतात. आपल्यात याला संशोधन म्हणतात.

६. गावातल्या थोर माणसाला वेठीस धरा. वालचंद हिराचंद १८८२ साली सोलापुरात जन्मले, हे तुमचं केवढं भाग्य! फाटक नावाच्या भागीदाराबरोबर त्यांनी रेल्वेची कंत्राटं घेतली. पुढे विमानाचा कारखाना काढला, मोटारीचा काढला. आणि त्याच्याही आधी, १९१९ च्या ५ एप्रिलला त्यांच्या सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. बोट सेकंडहँड होती, त्याआधी युद्धात जखमी सैनिकांसाठी वापरलेली. म्हणजे हा माणूस शब्दशः निळ्या समुद्रात उतरला. जिथे स्पर्धक नाहीत त्या ‘निळ्या समुद्रात’ जा, हे सांगणारं किम आणि मोबोर्न यांचं पुस्तक मात्र २००५ चं. वालचंदांना वाचायला मिळालं नाही, त्यामुळे त्यांच्या समुद्रात ब्रिटिश जहाजमालक लॉर्ड इंचकेप यांच्या बोटी आधीच उभ्या होत्या, आणि त्यांनी भाडं पाडलं.

वालचंद संस्थेत बसत नाहीत. धंदा इतका पसरवला, पण पसरलेल्या धंद्याची घडी कशी बसते हे मांडणारं चँडलर यांचं ‘स्ट्रॅटेजी अँड स्ट्रक्चर’ येण्याच्या नऊ वर्षं आधीच, १९५३ साली ते वारले. एकही संदर्भसूची मागे ठेवली नाही. त्यांच्या डोक्यात काय होतं ते आता तुम्हीच ठरवा, धंद्यांची वर्गवारी करायचे कन्सल्टंट लोकांचे ते चार चौकोन आखा आणि प्रत्येकात त्यांचा एकेक उद्योग बसवा. त्यांचा साखरेचा धंदा ‘दुभती गाय’ या चौकोनात छान बसतो. विमान बसत नसेल तर चौकोन मोठा करा.

७. परिषदेला जाताना भेट न्या. चाटी गल्लीत जा आणि अध्यक्षांसाठी एक चादर मागा. दुकानदार तुमच्या गळ्यातली लॅपटॉपची पिशवी बघेल, भाव सांगेल, तुम्ही घासाघीस कराल, तो कपाळाला हात लावेल, चहा मागवेल आणि शंभर रुपये कमी करेल. तुम्ही खूश होऊन दोन चादरी घ्याल. बाहेर पडताना शेजारच्या गिऱ्हाइकाला तो कितीला देतो, तिकडे कान देऊ नका. पावती मात्र न विसरता घ्या. ‘संशोधन साहित्य’ या खात्यावर पास होते.