फिफ्टीकाका

कॅमेरा घ्यायचा विचार तुमच्या मनात आला, की तो तुमच्या बायकोच्या आधी फिफ्टीकाकांना कळायचा. कसा, ते विचारू नका. कुणाकडे पाळणा हलणार असल्याची बातमीही ते याच वाटेने काढायचे, कारण पहिलं मूल आणि पहिला डीएसएलआर आपल्याकडे साधारण एकाच सुमाराला घरात यायचे. बाप पेढे घेऊन दारात उभा, आणि काका पेढा तोंडात टाकून म्हणायचे, "अभिनंदन. एक फिफ्टी घेऊन टाक."

फिफ्टी म्हणजे पन्नास मिलिमीटरची, वन पॉइंट एटची लेन्स. सोसायटीत नव्याने राहायला आलेल्यांना वाटतं, हे नाव वयावरून पडलंय. काका पन्नाशीत होते तोवर ते खपूनही गेलं. आता साठी उलटली तरी नाव तेच आहे, कारण सल्ला तोच आहे.

तुम्ही त्यांना काय विचारता याला फारसं महत्त्व नाही. २०११ साली अर्ध्या पुण्याला एकच प्रश्न पडला होता: कॅननचा ११००डी की निकॉनचा डी३१००? माणूस एका शब्दाच्या उत्तरासाठी काकांकडे जायचा आणि जेवायची वेळ टळून गेल्यावर परत यायचा. "बॉडीचं काय घेऊन बसलास?" काका कीर्तनाला उभं राहिल्याच्या थाटात सुरू करायचे. "बॉडी आज आहे, उद्या नाही. काच राहते!" या वाक्याची त्यांना इतकी सवय होती, की एकदा वैकुंठ स्मशानभूमीत कुणीतरी हलक्या आवाजात "बॉडी कधी येणार?" असं विचारलं, तर काका गर्रकन वळून म्हणाले, "कुठली?"

मेगापिक्सेलचं नाव काढलेलं त्यांना खपत नसे. कुणी म्हणालं, की याच्यात बारा आहेत आणि त्याच्यात चौदा, तर काका खिशातून पेन काढून त्याच्याच ब्रोशरवर हिशेब मांडायचे. आठ बाय बारा इंचांची प्रिंट, इंचाला तीनशे ठिपके, म्हणजे एकूण ८६ लाख. "शहाऐंशी! तुझ्याकडे एक कोटी बावीस लाख आहेत. उरलेले कुठे ठेवणार, माळ्यावर?" तळमजल्यावरचे एक गृहस्थ तर वेगळीच तक्रार घेऊन आले होते. त्यांच्या खिशातल्या जुन्या कॅमेऱ्याला बारा एक्स झूम होता, आणि या एवढ्या धुडाबरोबर आलेली १८-५५ फक्त तीन एक्स? काकांनी त्यांना पाणी दिलं, शांत केलं आणि फिफ्टी घ्यायला सांगितलं, जिच्यात झूम अजिबातच नसतो.

पण खरं सांगायचं, तर सल्ल्याचा पाया पक्का होता. कॅमेऱ्याबरोबर येणारी १८-५५ लेन्स ५५ च्या टोकाला गेली की तिचं भोक एफ पाच पॉइंट सहाच्या वर उघडत नाही. फिफ्टी एक पॉइंट आठला उघडते, म्हणजे जवळजवळ दहापट उजेड आत घेते. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली रांगणारं पोर त्या १८-५५ ने काढलं, तर पोराऐवजी धुरकट पट्टा येतो. फिफ्टीने पोर येतं, फ्लॅश न मारता येतं आणि मागची कपड्यांची दोरी विरघळून जाते. वर किंमत? कॅननची १९९० सालापासून चालत आलेली प्लास्टिकची फिफ्टी १३० ग्रॅमची होती आणि त्यांच्या लेन्समध्ये सगळ्यात स्वस्त. निकॉनवाल्यांना काका मुद्दाम बाजूला घेऊन सांगायचे, "तुझ्या बॉडीत फोकसची मोटर नाही बरं का. दुकानदार जुनी 'डी' गळ्यात मारेल. ती बसेल, पण फोकस हाताने फिरवत बसशील. 'जी'च माग." या एका वाक्याने किती जणांचे पैसे वाचले असतील! ते वाचलेले पैसे मग काकांच्याच सांगण्यावरून बॅगेत आणि ट्रायपॉडमध्ये गेले, हे अलाहिदा.

अडचण एकच होती. या स्वस्त कॅमेऱ्यांचा सेन्सर लहान असतो. त्यामुळे कॅननवर पन्नासची लेन्स ऐंशीसारखी वागते. दहा फुटांवरून साडेचार फुटांपेक्षा जास्त रुंदी तिच्यात मावत नाही. हे जाहिरातीत कुठे लिहिलेलं नसतं आणि आपल्या फ्लॅटमधला हॉल दहा बाय बाराचा असतो. आमच्याकडच्या सत्यनारायणाला काका हौसेने फोटो काढायला आले. यजमान जोडपं घेतलं तर गुरुजी कटत होते, गुरुजी घेतले तर चौरंग जात होता. "जरा मागे होतो," म्हणत काका सोफ्यापर्यंत गेले, सोफ्यावरून दाराशी, दारातून जिन्यात. मध्येच सिलिंडरवाला वर आला, तो त्यांनी दोन पायऱ्या खाली थांबवून ठेवला. कथेचा तिसरा अध्याय संपेपर्यंत काका समोरच्या बिऱ्हाडाच्या उंबऱ्यात, त्या लोकांच्या चपलांमध्ये उभे होते. पुढे फोटो पाहिले. गुरुजींची शेंडी अशी धारदार आली होती, की केस मोजता यावेत. गुरुजी स्वतः धूसर होते.

भिगवणला उजनीच्या पाण्यात रोहित बघायला गेलो तेव्हा नावेतले सगळे ७०-३०० लावून बसले होते. काकांच्या गळ्यात फिफ्टी. पक्षी उडाले, बाकीच्यांनी कॅमेऱ्यांचा कडकडाट केला. काकांच्या फोटोत भरपूर पाणी, भरपूर आकाश आणि मध्ये एक गुलाबी ओळ. "हा हॅबिटॅट शॉट," ते म्हणाले, "पक्षी काय कुणीही काढतं."

आणि तरीही काका फोटो काढतात असं म्हणणं धाडसाचं आहे. ते लेन्स तपासतात. हॉलच्या एका भिंतीवर वर्तमानपत्राचं पान चिकटवलेलं असतं. शक्यतो निधनवार्तांचं, कारण त्यातला टाइप बारीक. त्याचे फोटो काढून चारही कोपऱ्यांतली अक्षरं नीट लागतात का ते बघायचं. दुसरी लेन्स लावायची, पुन्हा बघायचं. पावसाळ्यात काचेला बुरशी लागते म्हणून काकूंचा पापडांचा हवाबंद डबा लेन्सनी बळकावलेला. त्यात सिलिका जेलच्या निळ्या पुड्या. ओल धरली की त्या गुलाबी होतात. मग ते खडे भाजून निळे करायचे, आणि भाजायला कढई लागते. त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं हे कळल्या दिवशी काकूंनी ती कढई काकांना कायमची देऊन टाकली. घरात काकूंनी स्वखुशीने केलेलं ते एकमेव बक्षीसपत्र.

मग २०१८ साल आलं. कॅनन आणि निकॉन, दोघांनीही आरशाशिवायचे नवे कॅमेरे काढले आणि लेन्स बसवायची खाचच बदलली. निकॉनची जुनी १९५९ पासूनची, कॅननची १९८७ पासूनची. "काच राहते" या सिद्धान्ताला आता अडॅप्टर लागू लागला. निकॉनचा शेवटचा स्वस्त डीएसएलआर, डी३५००, त्याच वर्षी आला आणि त्याच्यामागून कुणी आलं नाही. काकांना त्याचं दुःख झालं असेल, पण खरा घाव फोनने घातला. हल्ली बाप पेढे घेऊन येतो आणि फोनमध्येच बाळ दाखवतो, मागची दोरी पुसलेली. काका फोन नाकाशी धरून म्हणतात, "जावळ अर्धं खाल्लंय याने. आजोबांच्या चष्म्याची काडी बघ, गायब!" म्हणणं शंभर टक्के खरं असतं. बाप हसतो, फोन परत घेतो आणि पुढच्या दारी जातो. काकांचं ते फिफ्टीचं वाक्य ओठांपर्यंत येऊन परत फिरलेलं मी पाहिलंय.

गेल्या दिवाळीत त्यांचा कॉम्प्युटर भरला म्हणून मला बोलावलं. "टेस्टचे सगळे उडव," म्हणाले. उडवण्याआधी उघडून पाहिले. निधनवार्तांची पानं तर होतीच. पण लेन्स माणसावर कशी चालते हेही बघावं लागतं, आणि घरात हाताशी माणूस एकच. प्रत्येक वेळी तीच स्वयंपाकघराची खिडकी, सकाळचा तोच तिरपा उजेड, हातात कप घेतलेल्या काकू. तुलना करायची तर काहीही बदलून चालत नाही ना! काकांनी आपल्या बाजूने काही बदललं नव्हतं. पण खिडकीबाहेरचा गुलमोहर मधल्या एका फोल्डरमध्ये नाहीसा झाला होता आणि तिथे एक इमारत आली होती. काकूंची जाड वेणी बारीक होत होत अंबाड्यावर आली होती. एका फोल्डरपासून चष्मा होता. एका वर्षी, का कोण जाणे, डोळे सुजलेले होते. कपाळावरची "आटपा लवकर" ही आठी मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत तश्शी. आणि प्रत्येक फोटोचं नाव: "५०, एफ १.८, डावा डोळा".

आमच्याकडे लग्नाचे अल्बम आहेत, सहलींचे आहेत. सगळ्यांत आम्ही हसतोय आणि एकाही फोटोत घरी दिसतो तसे दिसत नाही. एका बाईकडे इतकी वर्षं इतकं निरखून पाहिलेलं मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही. ते काका डावा डोळा शार्प आलाय का एवढंच पाहत होते, हे मान्य.

मी काही उडवलं नाही. एक फोटो मोठा करून त्यांना दाखवला. त्यांनी चष्मा वर सरकवला. "फोकस पापणीवर गेलाय," म्हणाले. मग बराच वेळ काही बोलले नाहीत, म्हणून मीच म्हटलं, "काका, हा प्रिंट करून भिंतीवर लावा की."

"लावला असता," काका म्हणाले, "पण मग पेपर कुठे चिकटवू?"

आतून काकूंचा आवाज आला, "जिन्यात!"