नागपूरकरांची कोलकात्यावर स्वारी

नागपूरहून कोलकाता म्हणजे रायपूर, संबलपूर, खरगपूर असा अकराशे किलोमीटरच्या वरचा हमरस्ता. या सगळ्या वाटेवर आमच्या गाडीचा तापमानाचा काटा निवृत्त हेडमास्तरासारखा मध्यावर बसून होता. ऐंशीच्या वेगात गाडीचं काही बिघडत नसतं. समोरचा वारा रेडिएटरच्या जाळीत आपोआप घुसतो आणि पाणी थंड करतो. पंखा जिवंत आहे की मेलाय, हे विचारायची वेळच येत नाही.

ती वेळ कोलकात्याच्या विद्यासागर सेतूवर आली. तारांवर तोललेला हा पूल १९९२ साली सुरू झाला आणि तो खरंच बघण्यासारखा आहे. आम्हाला तो बघायला भरपूर वेळ मिळाला, कारण गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. मे महिना, भर दुपार, एसी चालू. पुलाच्या मध्यावर काटा हलला आणि हेस्टिंग्जकडच्या उतारावर लाल रेघेला टेकला.

"अहो, कसला तरी वास येतोय," सौ. म्हणाली.

मागच्या सीटवर काकांचा इतिहास चालू होता. काका वीज मंडळातून निवृत्त झालेत, त्यामुळे वीज सोडून कशावरही बोलतात. "डावीकडे बघा, फोर्ट विल्यम!" डावीकडे बघितलं तर नुसता गवताचा बांध. हा किल्ला बाहेरून दिसू नये असाच बांधलाय. तट बुटका, भोवती खंदक. प्लासीच्या लढाईनंतर, १७५८ मध्ये, क्लाइव्हने काम काढलं आणि ते १७८१ पर्यंत चाललं. तोफांना समोर मोकळं रान हवं म्हणून भोवतालची वस्ती आणि जंगल हटवलं, तेच आजचं मैदान. आत लष्कराच्या पूर्व कमांडचं मुख्यालय आहे. डिसेंबर २०२४ मध्ये किल्ल्याचं नाव विजय दुर्ग झालं, आपल्या सिंधुदुर्गातल्या विजयदुर्गावरून. सेंट जॉर्ज गेटचंही शिवाजी गेट झालंय.

"म्हणजे बंद पडली तरी घरच्याच किल्ल्याखाली पडली," काका समाधानाने म्हणाले. बॉनेटमधून वाफ निघत होती.

लष्करी हद्दीत गाडी उभी करून चालत नाही. जवानाने काठीने 'आगे लो' केलं. मी वाफेकडे बोट दाखवलं. त्याने वाफ बघितली, एमएच ३१ बघितलं आणि लांबचं एक झाड दाखवलं. तिथवर गाडी नेण्याचा एकच उपाय मला ठाऊक होता: एसी बंद आणि हीटर फुल्ल. हीटर म्हणजे गाडीच्या आतला छोटा रेडिएटरच. इंजिनाची आग तो आपल्या अंगावर ओततो. काटा खरोखर खाली आला. सौ. मात्र तापली, आणि तिला हीटर लावून उपयोग नव्हता.

झाडाखाली काका टॉवेल घेऊन रेडिएटरच्या झाकणाकडे निघाले, तेवढ्यात मागून ओरडा आला, "हाथ मत लगाइए, बाबूजी!" झाकण घट्ट असतं तोवर आत दाब असतो, म्हणून पाणी शंभरच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलं की सगळं एकदम उकळतं आणि थेट तोंडावर येतं. ओरडणारे होते एका पिवळ्या टॅक्सीचे ड्रायव्हर, बिहारमधल्या छपऱ्याचे, केस पिकलेले. टॅक्सी अर्थातच अँबॅसडर. उत्तरपाड्याच्या कारखान्यात ती २०१४ पर्यंत बनत होती, आणि जाममध्ये तापणं म्हणजे काय हे तिच्या ड्रायव्हरला कुणी शिकवायला नको.

"हाईवे पर गरम हुई?"

"नहीं."

"सिर्फ जाम में?"

"हाँ."

"तो पंखा."

एवढ्या कमी प्रश्नांत निदान करणारा डॉक्टर नागपुरात तरी मला भेटलेला नाही. तरी त्यांनी खातरजमा केली. एसी लावायला सांगितला; एसी लागला की पंखा फिरायलाच हवा. फिरला नाही. फ्यूज शाबूत होता. मग बॅटरीवरून दोन वायरी थेट पंख्याला लावल्या, तर पंखा भुर्रकन सुटला. म्हणजे मोटर ठणठणीत, तिच्यापर्यंत करंटच पोचत नव्हता. "रिले गया. बिजली का मामला है."

काका किल्ल्याकडे बघू लागले.

"हमारी गाड़ी में ये सब नखरा नहीं," म्हाताऱ्याने आपल्या टॅक्सीच्या टपावर थाप मारली. "पंखा पट्टे पर. इंजन चला तो पंखा चला." मग फ्यूजच्या डब्यातून त्यांनी हॉर्नचा रिले उपटला. आकार तोच, पाय तेवढेच, वरचा आकडाही तोच. तो पंख्याच्या जागी दाबला. पंखा सुरू, हॉर्न बंद. पैसे विचारले तर म्हणाले, "पहले मल्लिक बाज़ार पहुँच के दिखाइए."

हॉर्नशिवाय कोलकात्यात गाडी चालवणं काय असतं, ते लिहून सांगता येणार नाही. बस अंगावर येत होत्या, सौ. खिडकीतून हात बाहेर काढून "ओ दादा, ओ दादा" करत होती, आणि काकांचा इतिहास पुन्हा सुरू झाला होता. १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे भास्करराम कोल्हटकर बंगालवर चालून आले, तेव्हा घाबरलेल्या कलकत्त्याने शहराभोवती 'मराठा खंदक' खणायला घेतला. तीनेक मैल खणून झाला, पण मराठे शहरापर्यंत आलेच नाहीत. पुढे खंदक बुजला आणि त्याच्या रेषेवर सर्क्युलर रोड झाला, ज्यावरून आम्ही मुकाट्याने सरकत होतो. १७५१ च्या तहात बंगालचा नवाब अलीवर्दीखान याने वर्षाला बारा लाखांची चौथ कबूल केली, इथे काकांचा आवाज चढला. बंगालची गावं त्या दहा वर्षांत कशी जळाली आणि तिथल्या अंगाईत मराठ्यांचे बारगीर अजून कसे येतात, तो भाग काका नेहमीच गाळतात.

मल्लिक बाजारात गाडीच्या सुट्या भागांची दुकानं ओळीने आहेत. रिलेचे दुकानदाराने चारशे सांगितले.

"शंभर," काका म्हणाले. "चौथाई."

दुकानदाराने काकांकडे पाहिलं, मग बाहेर उभ्या गाडीच्या नंबर प्लेटकडे पाहिलं, आणि दोनशेवर आला.